घुंगूरआळी स्थानकाचं बारसं

वेणापूरच्या भुयारी मेट्रोने जाताना घुंगूरआळी स्थानक आलं की पाठीत धपाटा बसतो. घाबरू नये. धपाटा जोराचा नसतो, तान्ह्या लेकराला ढेकर काढायला थोपटतात तेवढाच असतो. मागे वळून पाहिलं तर एखादी अनोळखी बाई हसत उभी असते, आणि बहुतेक वेळा तिनेही नुकताच कुणाचा तरी धपाटा खाल्लेला असतो. ज्याला बसला त्याने रागवायचं नाही, पुढच्याच्या पाठीत तो पोचता करायचा. बायकांनी बायकांना आणि पुरुषांनी पुरुषांना, एवढा एक नियम मात्र कडक पाळला जातो.

या स्थानकाची आणखी एक खोड आहे. इतर ठिकाणी गाडीतली घोषणा खणखणीत येते. इथे नाव आधी हळूच येतं, कुणी कानाशी लागून बोलावं तसं, आणि मग मोठ्याने. नवख्या माणसाला वाटतं, यंत्र बिघडलं. जिन्याशेजारी भिंतीत एक गोल जाळी आहे, तिला लोक कान म्हणतात. तिच्यावर पितळी घुंगरांचा सर बांधलेला असतो आणि खालची कड हात लागून लागून चकचकीत झालेली आहे.

हे सगळं पाहून पाहुणा जिना चढून वर येतो आणि आळी शोधतो. वर आळी नाही. रुंद रस्ता आहे, एक बँक आहे, गाड्या लावायची जागा आहे आणि दौलतराव फुलवाल्यांची हातगाडी आहे. पाहुणा विचारतो, आळी कुठे आहे? दौलतराव मोगऱ्याचा गजरा अर्धवट ठेवतात आणि सांगायला लागतात. ते स्वतः या आळीचे जावई, त्यामुळे बायकोच्या माहेराबद्दल जितकं चांगलं बोलायला हवं तितकं बोलतात आणि संधी मिळेल तिथे एखादा चिमटाही काढतात. ते सांगतात ते असं.

जमिनीखालून गाडी धावेल असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं, त्या काळी इथे घुंगूरआळी होती. दोन्ही बाजूंना पितळेचे घुंगूर ओतणाऱ्यांची घरं. बैलांच्या गळ्यातले, नाचणारणीच्या पायातले, रांगत्या पोरांच्या करगोट्यातले, सगळे घुंगूर इथेच होत. माल तयार झाला की दोरीला बांधून हलवून पाहायचे, म्हणून दिवसभर आळी किणकिणत असे. माणसं कष्टाळू होती, दिलदार होती आणि भांडकुदळ होती. नळावरून, ओट्यावरून, गणपतीच्या आरतीत ताट कुणी धरायचं यावरून, कशावरूनही जुंपत असे. फक्त एका गोष्टीवरून तिथे कधी भांडण झालं नाही, आणि ती म्हणजे बारसं.

बाळाचं नाव आत्या ठेवते, ही रीत सगळीकडेच आहे. घुंगूरआळीची रीत त्याच्या एक पाऊल पुढे होती. सासरी गेलेल्या लेकींमध्ये जी वयाने थोरली, ती सगळ्या आळीची आत्या. कुणाच्याही घरी पाळणा हलला की तिला बोलावणं जाई. नाव तिने एकटीने ठरवायचं. बाळाच्या कानात ती ते सांगेपर्यंत कुणी विचारायचं नाही, सुचवायचं नाही, अंदाजसुद्धा बांधायचा नाही. बारशाआधी उच्चारलेलं नाव बाळाला लाभत नाही, असं आळी मानत असे. आत्या पाळण्यावर वाकली, कानात कुर्र करून नाव बोलली, की जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालत. मग हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटायच्या.

दौलतराव म्हणतात, यात गंमत आहे तसा न्यायही आहे. सासरी गेलेल्या लेकीचं माहेरी काय उरतं? घर भावाचं होतं, चूल वहिनीची होते, तिच्या निजायच्या कोपऱ्यात भाच्यांची पुस्तकं येतात. पण घरात नवा जीव आला की त्याला हाक कोणती मारायची, हे तिच्या तोंडून आल्याशिवाय कुणाचं चालत नाही. एवढा हक्क आळीने आपल्या लेकींसाठी राखून ठेवला होता.

या आळीची शेवटची थोरली आत्या म्हणजे बनूआत्या. महादू ओताऱ्यांची ही लेक, हिवरवाडीला दिलेली. अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत आणि शब्दाला पक्की. हिवरवाडीत तिचं हळदीचं शिवार होतं, त्यामुळे हातांची बोटं बारा महिने पिवळी. बोलावणं आलं की आत्या हातातलं काम टाकून एसटी पकडायची आणि वाटेत खिडकीशी बसून नाव शोधायची. तिने ठेवलेलं नाव पुढे माणसाला बरोब्बर बसे, असं आळीतले लोक सांगत. जो पुढे पहिलवान झाला त्याला तिने पाळण्यातच बळवंत म्हटलं होतं. अर्थात दौलतरावांचा एक मेव्हणा शांताराम आहे आणि तो आयुष्यभर सगळ्यांशी भांडत आला आहे, पण तो विषय ते पटकन सोडून देतात.

बनूआत्याचा भाचा सुदाम. त्याला उशिरा मुलगा झाला. सुदामची बायको शालन हौशी स्वभावाची, शहराच्या नव्या भागात वाढलेली. मनाने निर्मळ होती, पण आळीची रीत तिच्या हाडीमाशी भिनलेली नव्हती. आत्या त्या बाळासाठी महिनाभर नाव शोधत होती. शेवटी सापडलं, तेव्हा शिवारात एकटीच हसली म्हणे. बारशाच्या दिवशी नवं लुगडं नेसून, बाळासाठी घुंगरांचा करगोटा घेऊन ती दारात आली आणि समोर पाहते तर पाळण्यामागच्या भिंतीवर झेंडूच्या फुलांची मोठमोठी अक्षरं लावलेली. बाळाचं नाव आधीच ठरलेलं, आधीच मांडलेलं, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण ते वाचून कौतुक करत होता.

आत्या ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं आळीतल्या म्हाताऱ्या म्हणत. तिने करगोटा बाळाच्या उशाशी ठेवला, घुगऱ्यांचं ताट बाजूला सारलं आणि उंबऱ्याबाहेर जाऊन मागे वळून बोलली, "जिथं मला इचारल्याबिगर नाव ठेवत्यात, त्या आळीचा उंबरा मी ओलांडायची न्हाई. देवाची आण." आणि ती गेली. सुदाम मागे धावला, शालन रडली, पण एसटी निघून गेली होती.

पुढे काही वर्षांनी जमिनीखालून रेल्वे न्यायचं ठरलं. स्थानकासाठी जो मोठा खड्डा खणायचा होता तो नेमका घुंगूरआळीच्या जागी येत होता. आळीने मोर्चे काढले, घोषणा दिल्या, एकमेकांशी भांडायचं विसरून सगळे एक झाले. शेवटी शहराच्या निरनिराळ्या टोकांना चांगल्या पक्क्या इमारतींत घरं मिळाली आणि आळी पाडली गेली. घरं बरी होती, असं सगळेच कबूल करतात. नळाला दिवसभर पाणी होतं. पण एक जण पूर्वेला, दुसरा पश्चिमेला, मग भांडायचं कुणाशी? शेजारी भला माणूस निघाला की आळीकराला चैन पडत नसे.

स्थानकांना नावं द्यायचं काम ज्यांच्याकडे होतं, ते राजहंस साहेब नावाचे सज्जन गृहस्थ होते. त्यांचा नियम सोपा होता. जिना चढून माणूस ज्या रस्त्यावर किंवा ज्या वस्तीत बाहेर येईल, तिचं नाव स्थानकाला द्यायचं. पण इथे जुना रस्ता राहिला नव्हता आणि वस्तीही राहिली नव्हती. मग नाव कुणाचं घ्यायचं? साहेबांना वाटलं, जे इथे राहत होते त्यांनाच विचारावं. त्यांनी आळीच्या सगळ्या कुटुंबांना बोलावून घेतलं, कामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "या स्थानकाला कोणतं नाव द्यावं असं तुम्हाला वाटतं?"

सगळे एकमेकांकडे पाहून हसले.

"मनात काही आहे का तुमच्या?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"हाय की," सुदाम म्हणाला.

"मग सांगा ना."

"आता कसं सांगनार साहेब? आत्या सांगंल."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. आत्या दिसेना. आत्या कुठे आहे, असं विचारलं तर सगळे आपापल्या चहाच्या कपात पाहू लागले. एरवी चहात साखर कमी पडली म्हणून सभा उधळून लावणारी ही माणसं, नाव विचारल्यावर तोंडात गुळणी धरून बसली. साहेब पुन्हा एकदा भेटले, पुन्हा चहा झाला, पुन्हा तेच उत्तर मिळालं. साहेबांनी अर्थ काढला तो कुणीही काढला असता. या लोकांना नावाचं काही पडलेलं नाही, असं त्यांना वाटलं. स्थानकाचं दुसरं दार नव्या मंडईकडे निघत होतं. तेव्हा नाव ठरलं, नवा बाजार.

ही बातमी आळीकरांच्या कानावर गेली तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ती तर आधीच सरकली होती, पण आता खरी सरकली. नवा बाजार कुठल्याही गावात असतो. घरं गेली, ओटे गेले, किणकिण थांबली. आता नावही गेलं तर इथे कुणी राहत होतं याची खूणच उरणार नव्हती. मग साहेबांकडे जाऊन नाव सांगून का टाकलं नाही? दौलतराव इथे हात जोडतात. एक तर बारशाआधी उच्चारलेलं नाव लाभत नाही. आणि दुसरं, एकाने एक नाव घेतलं असतं की दुसऱ्याने आपल्या आजोबांचं पुढे केलं असतं, तिसऱ्याने आपल्या कुलदेवाचं, आणि पहिली गाडी सुटेपर्यंत ते भांडत बसले असते. आत्याच्या तोंडून आलेलं नाव मात्र सगळ्यांनी मान खाली घालून घेतलं असतं. आत्या हवीच होती.

सुदाम हिवरवाडीला गेला. आत्या हळद शिजवत होती. तिने त्याला आधी जेवू घातलं, मग पुन्हा वाढलं, आणि तो हात धुऊन पायाशी बसला तेव्हा म्हणाली, "बोल."

"आत्या, आमची चूक झाली. पोटात घाल."

"ती कवाच घातली. तुझ्या पोराला दात यायच्या आत घातली."

"मग चल की."

आत्या पिवळ्या बोटांकडे पाहत राहिली. "राग माझा व्हता, तो मी सोडला. पण शबुद देवाफुडं टाकला, सुदाम. तो कसा सोडू?"

सुदामने सगळं सांगितलं. साहेब, चहा, नवा बाजार, सगळं. आत्याने ऐकून घेतलं. त्याला वाटेसाठी भाकरी बांधून दिली आणि एसटीपर्यंत सोडायलाही आली, पण गाडीत चढली नाही.

तो गेल्यावर तिचं कामात लक्ष लागेना. नवा बाजार, नवा बाजार, असं ती स्वतःशीच म्हणून पाही आणि प्रत्येक वेळी तोंड कडू होई. वाईट तिला आळीचं वाटतच होतं, पण खरं सांगायचं तर स्वतःचंही वाटत होतं. आईबाप कधीच गेले होते. घर गेलं. आता माहेरचं नावही जाणार, आणि ते वाचवायला जी एकटी बाई जगात होती तिने स्वतःच्या तोंडाने स्वतःची वाट बंद करून ठेवली होती. देवापुढे बसून ती पुष्कळ रडली, असं सांगतात.

पहिली गाडी सुटायचा दिवस आला. मंडईच्या बाजूच्या दारापाशी मंडप, फीत, पाहुणे, बँड. नावाची पाटी कापडाखाली झाकलेली. आणि जुन्या आळीच्या बाजूला जो जिना होता, त्याच्या पायथ्याशी आळीकर बायकांनी आडव्या लोखंडी तुळईला दोर टाकून एक पाळणा टांगला होता. रिकामा पाळणा, त्याला झेंडूची तोरणं, बाजूला घुगऱ्यांची पातेली. आत्या येणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरीही शहराच्या चारी टोकांहून बायका आल्या होत्या आणि आळीच्या सासुरवाशिणी लेकी आपापल्या गावांहून आल्या होत्या. बारसं आहे म्हटल्यावर लेकी घरी बसत नाहीत. राजहंस साहेब हा पाळणा पाहून थबकले. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं आणि शालनने त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.

साहेब मटकन एका पायरीवर बसले. "अहो, मग मला त्या वेळी का नाही सांगितलं?"

"बारशाआदी नाव कुनी बोलतं का साहेब?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. माणूस न्यायाचा होता. ते म्हणाले, "पहिल्या गाडीत जे नाव पुकारलं जाईल तेच कायम होईल. गाडी मागच्या स्थानकात उभी आहे, तिथले पाहुणे बसले की सुटेल. तोवर तुमची आत्या येऊन नाव सांगेल, तर माझ्या अधिकारात मी ते बदलतो. गाडी सुटली की माझ्याही हातात काही नाही." शालनचा चेहरा पडला. आत्या यायची नाही, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? झेंडूची ती अक्षरं तिनेच लावली होती.

आणि त्याच वेळी बनूआत्या वर उभी होती.

ती यायची म्हणून आली नव्हती. बाहेरूनच पाहायचं, आपली जागा कोणती होती ते ओळखून परत फिरायचं, एवढंच मनाशी धरून ती पहाटेच्या एसटीत बसली होती. पण ओळखायला काही उरलंच नव्हतं. ओट्याच्या जागी रस्ता, नळाच्या जागी रस्ता. भट्टी कुठे होती, आईचं तुळशीवृंदावन कुठे होतं, काही केल्या लागेना. एवढ्यात खालून जिन्याच्या तोंडातून घुगऱ्यांना दिलेल्या फोडणीचा वास आला. आत्याचे पाय आपसूक दारापर्यंत गेले आणि तिथे खिळले.

तिला आधी पाहिलं ते शालनने. ती जिना चढून धावत वर आली. पाया पडली. आत्याने तिला उठवलं, गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मी आत येनार न्हाई, पोरी. शबुद हाय."

शालन तिथेच दारात खाली बसली. नवी कोरी पैठणी दगडी फरशीवर मळेल याची पर्वा न करता तिने एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तळहाताने फरशी चाचपली. मग तशीच चाचपत परत आली. पाहुणे मंडळी गाड्या थांबवून बघायला लागली.

"आत्या," ती मान वर करून म्हणाली, "ह्याला उंबराच न्हाई."

आत्याने खाली पाहिलं. एक चप्पल काढली आणि अंगठ्याने फरशीवर रेघ ओढावी तसा पाय फिरवला. बाहेरचा दगड आणि आतला दगड एकाच पातळीत. कुठे अटकाव नाही, कुठे चढ नाही. ती उंबऱ्यासाठी अडली होती आणि तो उंबरा आळी पाडणाऱ्यांनी कधीच उपटून नेला होता. इतक्या वर्षांचं ओझं खांद्यावरून उतरावं तशी ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. मग तिने दुसरी चप्पलही काढली आणि माहेरात पाऊल टाकलं.

खाली गेल्यावर एकच गिल्ला झाला. जो तो पाया पडायला. आणि पाया पडता पडता जो तो काहीतरी सुचवायलाही. रीत मोडायची नव्हती म्हणून नाव कुणी घेतलं नाही, पण कासारांच्या सुनेने आपल्या सासऱ्यांनी आळीसाठी काय काय केलं ते सांगून टाकलं, आणि दुसऱ्या एकीने आळीचं देऊळ जिथे होतं त्या दिशेला पाहून उगीच हात जोडले. आत्याला सगळं कळत होतं. तिच्या स्वतःच्या मनातही एक नाव होतं. आळीतली पहिली भट्टी तिच्या बापाने लावली होती. जगाने एकदा तरी महादू ओताऱ्याचं नाव घ्यावं, असं कुठल्या लेकीला वाटणार नाही? आज ते तिच्या जिभेच्या टोकावर होतं आणि तिला अडवणारं कुणी नव्हतं.

"गाडी सुटायच्या बेतात आहे," राजहंस साहेब घाम पुसत म्हणाले.

"व्हय, थांबा. ह्याचा कान कुठं हाय?"

स्थानकाचा जिना कुठे, खांब किती, वीज कुठून येते, सगळं साहेबांना पाठ होतं. कान कुठे असतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आत्या भिंतीला हात लावत निघाली. खांबावर हात ठेवला, तो थंडगार. पुढे गेली. जिन्याशेजारी एक गोल जाळी होती, हवा आत-बाहेर खेळवायची. आत्याने तिच्यापुढे तळवा धरला. हवा यायची आणि जायची, यायची आणि जायची. "ह्ये बघा, लेकरू श्वास घेतंय," ती म्हणाली. "हितंच."

ती वाकली. बायका तिच्यामागे गोळा झाल्या, हात उगारून तयार. आणि त्या क्षणी बनूआत्याला कुठलाच मोठा विचार सुचला नाही. तिला आठवला तो हिवरवाडीचा पाणवठा. ती नवी नवरी होती, डोक्यावर पहिली घागर होती, आणि तिथल्या बायकांनी तिला विचारलं होतं, तू कुठली गं? त्या वेळी तिने बापाचं नाव घेतलं नव्हतं. कुलदेवाचंही घेतलं नव्हतं. तिने आळीचं नाव सांगितलं होतं. पुढेही जन्मभर तेच सांगितलं. आळीची प्रत्येक लेक आपापल्या गावच्या पाणवठ्यावर तेच सांगत आली होती. बापाचं नाव तिचं एकटीचं होतं. कासारांचं नाव कासारांच्या लेकींचं. पण कुठली गं तू, याचं उत्तर सगळ्यांचं एकच होतं. आणि गाडीत बसलेल्या माणसालाही लोक हेच तर विचारणार, की बाबा, कुठं उतरायचं?

आत्याने जाळीला ओठ लावले, कुर्र केलं आणि हळूच म्हणाली, "घुंगूरआळी."

पहिला धपाटा शालनचा. मग सगळ्यांचे. आत्या हसत होती, रडत होती, "अगं हळू, म्हातारी हाय मी," असं ओरडत होती, आणि धपाटे थांबत नव्हते. इतक्या वर्षांचे राहिलेले सगळे धपाटे त्या दिवशी वसूल झाले.

आता यापुढचं ज्याने त्याने आपापल्या बुद्धीप्रमाणे घ्यावं. साहेब नाव कळवायला धावले, पण ते अर्ध्या वाटेवर असतानाच मागच्या स्थानकातून गाडी सुटली. सगळं संपलं असं वाटून ते जागीच थांबले. आणि गाडीतून, फलाटांवरून, जिन्यांवरून, सगळीकडून एकच नाव आलं. आधी हळू, म्हाताऱ्या बाईच्या आवाजात. मग मोठ्याने. असं सांगतात की लेकराने आपलं नाव ऐकलं आणि स्वतःच पुकारलं. शहाणे लोक म्हणतात, त्या हवेच्या नळीचं दुसरं तोंड घोषणेच्या खोलीत निघत होतं, तिथला माईक चालू राहिला होता, आणि तिथे बसलेल्या मुलीने जे कानावर पडलं तेच पुढे मोठ्याने वाचलं. दौलतराव दोन्ही सांगतात. जावयाने कुठल्याच बाजूला जाऊ नये, असं त्यांचं मत आहे. एवढं मात्र खरं की कापड ओढलं तेव्हा खालची पाटी चुकीची निघाली आणि ती चुकीची आहे हे सगळ्या गावाला आधीच कळलं होतं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांना घुगऱ्या मिळाल्या.

राजहंस साहेबांनी त्यानंतर कुठल्याही स्थानकाचं नाव ठरवताना वस्तीतल्या थोरल्या माहेरवाशिणीला बोलावल्याशिवाय पाटी रंगवली नाही, असं म्हणतात. वेणापूरच्या मेट्रोत एकाही स्थानकाला माणसाचं नाव नाही आणि सगळी स्थानकं आळ्यांची, वाड्यांची, पेठांची आहेत, त्याचं कारण हेच, म्हणे.

बनूआत्या पुढे पुष्कळ जगली. थकली तेव्हा सुदाम आणि शालन तिला आपल्या इमारतीत घेऊन आले. अधूनमधून ती एकटीच निघायची. हिवरवाडीहून आलेली म्हातारी गाडीत कशाला बसते, हे सुरुवातीला घरात कुणाला कळेना. ती मागच्या स्थानकात गाडीत चढायची, डोळे मिटून बसायची, आपल्या माहेराचं नाव ऐकायची, उतरायची आणि परत फिरायची. एकदा नाव पुकारल्याबरोबर शेजारी बसलेल्या कॉलेजच्या एका मुलीने तिच्या पाठीत हळूच धपाटा घातला आणि म्हणाली, "आज्जी, रागवू नका हं. इथं अशी पद्धत आहे."

आत्याने विचारलं, "कुणी पाडली गं ही पद्धत?"

"कुणास ठाऊक," मुलगी म्हणाली. "पहिल्यापासूनच आहे."

आत्या त्या दिवशी घरी आली ती इतकी खुशीत की शालनला वाटलं, गावाकडून कुणाच्या बाळंतपणाची बातमी आली.

आजही वेणापुरात कुणाकडे पाळणा हलला की घरातली आत्या बारशाआधी एकटी या जिन्याशी येते, जाळीला ओठ लावते आणि बाळाचं नाव आधी कानाला सांगते. कान ते कुणाला सांगत नाही. दौलतराव आपली गोष्ट इथे संपवतात, राहिलेला गजरा पुरा करतात आणि पाहुणी बाई असेल तर तिला विचारतात, "आणि तुम्ही कुठल्या?" ती आपल्या गावाचं, आपल्या आळीचं नाव सांगते. ते सांगताना ती जराशी हसतेच, आणि फुलं घ्यायला उभी असलेली एखादी अनोळखी बाई तिच्या पाठीत हळूच धपाटा घालते.